दोन डॉलर रोजाची माणसं

माझं गाव तळेगाव ढमढेरे. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे लोणावळ्याजवळचं ना?" नाही हो. ते तळेगाव दाभाडे. आमचं नगर रस्त्याला, शिक्रापूरला वळून आत, वेळ नदीच्या काठी. पुण्यातल्या माणसालाही हे समजवावं लागतं, तिथे ओरेगनमध्ये कोणाला काय सांगणार? त्यामुळे गेली अकरा वर्षं मी "पुण्याजवळ" एवढ्यावर भागवते.

यंदा बैसाखीला शेजारची पंजाबी मैत्रीण गुरुद्वारात घेऊन गेली. लंगरच्या पंगतीत माझ्या डाव्या हाताला ऐंशीच्या घरातले एक सरदारजी मांडी घालून बसले होते. मी तर बाई भिंतीला टेकूनही अवघडले होते. गप्पा नेहमीच्याच. कहाँ से हो बेटा? पुणे के पास से. पास मतलब? मी म्हटलं, तळेगाव.

"दाभाडे या ढमढेरे?"

हातातला घास तसाच राहिला. जन्मात कोणी मला हा प्रश्न इतका नेमका विचारला नव्हता. मी ढमढेरे म्हटल्यावर त्यांनी जेवणाचा हात ताटाबाहेर काढला, पंगतीत पलीकडे बसलेल्या नातवाला हाक मारली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पिंगले के गाँव की है."

आता खरं सांगते. पिंगळे हे नाव मला माहीत होतं ते फक्त पंधरा ऑगस्टच्या भाषणातल्या यादीतलं. शाळेच्या मैदानात उन्हात उभं राहून "या गावचे सुपुत्र हुतात्मा विष्णू गणेश पिंगळे" ऐकायचं, टाळ्या वाजवायच्या आणि गोळ्या-बिस्किटांच्या पिशवीकडे बघायचं. लाहोरला फाशी झाली एवढं ठाऊक होतं. लाहोरला का, हा प्रश्न कधी पडला नाही. आमच्या तळेगावचा पोरगा लाहोरात कसा पोचला, तर अमेरिकेवरून, हे मला एका पंजाब्याने अमेरिकेत सांगितलं. अंकलजींच्या (मी त्यांना अंकलजीच म्हणते, त्यांनाही ते आवडतं) आजोबांचे थोरले भाऊ याच भागात सॉ मिलमध्ये कामाला होते म्हणे. इथल्या हिंदुस्थानी मजुरांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या गदर पक्षाचे ते. त्यांच्या घरी त्याच पक्षाच्या करतारसिंग सराभाचा फोटो होता आणि सराभासकट फासावर गेलेल्यांची सातही नावं पाठ होती. त्यात एकच मराठी.

त्यानंतरचे दोनतीन महिने मी जे मिळेल ते वाचत सुटले. इतिहास हा माझा विषय नव्हे, शाळेत सनावळ्यांनी माझं कायम वाटोळं केलं. तरी हे लिहिते आहे, कारण आपण मराठी माणसं परदेशातल्या क्रांतिकारकांची गोष्ट सांगतो ती जवळजवळ सगळी लंडनची असते. हायगेटमधलं इंडिया हाऊस, १९०५ साली ते उघडणारे श्यामजी कृष्ण वर्मा, त्यांची शिष्यवृत्ती आणि त्यासाठी टिळकांनी केलेली सावरकरांची शिफारस. १९०९ मध्ये धिंग्राने कर्झन वायलीला घातलेल्या गोळ्या, १९१० मध्ये मार्सेयला सावरकरांनी बोटीतून मारलेली उडी. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट एडिंबरोला शिकायला गेले, इंग्रज राज्याविरुद्ध बोलले म्हणून शिष्यवृत्ती गमावून बसले आणि पॅरिसात रशियनांकडून बॉम्बची विद्या शिकून आले. पुढे मुळशीला सेनापती झाले ते हेच. मादाम कामांनी १९०७ मध्ये स्टुटगार्टला फडकवलेला झेंडा तर मी शाळेच्या सहलीत केसरीवाड्यात पाहिलाय. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्', आणि वर ओळीने कमळं. बाई म्हणाल्या मोजा, म्हणून मोजली होती. आठ.

हे सगळं खरं आणि मोठंच. पण ही शिकलेल्यांची, बॅरिस्टर व्हायला गेलेल्यांची गोष्ट आहे. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर जे घडलं ते मजुरांनी घडवलं, आणि ते मला कोणत्याही सहलीत दाखवलं नाही.

पोर्टलंडला सेंट जॉन्स नावाची वस्ती आहे. विलॅमेट नदीवर तिथे एक हिरवा, उंच, फार देखणा पूल आहे. माझ्या मुलीचा पोहण्याचा क्लास त्या भागात असल्यामुळे दर शनिवारी पाऊण तास मी तिथे कॉफी पीत बसते. २१ मार्च १९१० च्या रात्री याच सेंट जॉन्समध्ये गोऱ्यांच्या जमावाने हिंदुस्थानी मजुरांच्या खोल्यांवर हल्ला केला, त्यांना मारलं, लुटलं आणि गावाबाहेर हाकललं. चूक काय, तर ते लाकडाच्या गिरणीत काम करत होते. त्याच्या आधी सप्टेंबर १९०७ मध्ये वर वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅमला तेच झालं होतं, आणि चारदोन दिवसांत त्या गावात एकही हिंदुस्थानी उरला नाही.

ही माणसं बहुतेक पंजाबची. कोणी शेतीचा तुकडा गहाण टाकून आलेला, कोणी इंग्रजांच्या पलटणीत चाकरी करून हाँगकाँग-शांघायला पहारेकऱ्याचं काम करत करत पुढे सरकलेला. इथे त्यांना दिवसाला दोनेक डॉलर मिळत. देशात मजुराच्या हातावर दिवसाला काही आणे पडत, तेव्हा दोन डॉलर म्हणजे घबाडच. राहायचे एकेका खोलीत आठ-दहा, एकत्र स्वयंपाक. ओळखीचं वाटतंय ना? मीही पहिल्या वर्षी चार मुलींत दोन खोल्या अशीच राहिले, फक्त आम्हाला कोणी मारायला आलं नाही. इथले लोक त्या सगळ्यांना 'हिंदू' म्हणत, मग शीख असो, मुसलमान असो.

वाचताना मी एका गोष्टीपाशी बरीच थांबले. मार जपान्यांनाही बसत होता. १९०७ मध्ये व्हँकुव्हरला दंगल झाली, जपान्यांची दुकानं फुटली. पण त्यांच्या पाठीशी त्यांचं सरकार होतं. ते भांडलं आणि कॅनडाला भरपाई द्यावी लागली. हिंदुस्थान्यांनी कोणाकडे जायचं? ते इंग्रज बादशहाचे प्रजाजन, आणि बादशहाचीच वसाहत असलेला कॅनडा त्यांना आत घेईना. कॅनडाने १९०८ मध्ये नियम काढला : मायदेशातून सलग प्रवास करून आलात तरच उतरू देऊ. त्यात हिंदुस्थानातून थेट येणाऱ्या बोटीची तिकिटंच मिळेनाशी केली. वर हातात दोनशे डॉलर दाखवा. नियमात 'हिंदुस्थानी' हा शब्द कुठेही नाही! व्हिसाच्या कागदांशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना या हुशारीचं वेगळं कौतुक वाटणार नाही.

यातून ज्यांनी इंग्रजांसाठी रक्त सांडलं होतं त्यांचाच पहिला भ्रम फुटला. १९०९ साली व्हँकुव्हरच्या गुरुद्वारात माजी शिपायांनी ठरवलं की इंग्रजांची पदकं आणि गणवेश यापुढे अंगावर चढवायचे नाहीत. मला हा प्रसंग धिंग्राच्या गोळीइतकाच मोठा वाटतो. छातीवरचं पदक काढणाऱ्या पेन्शनर हवालदाराला काय काय सोडावं लागलं असेल, हे फौजेतल्या घरातल्या माणसाला विचारा.

जुलैच्या एका रविवारी मी अस्टोरियाला गेले. आमच्याकडून गाडीने दोन तास. कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथलं दहा हजार वस्तीचं गाव, चढावर लाकडी घरं, आणि नदीवर सहा-साडेसहा किलोमीटर लांबीचा पूल. जुलै असून भुरभुर पाऊस, आणि धक्क्याखाली पडलेल्या सी लायन्सचं अखंड भुंकणं. आमची मुलगी त्यांच्यावरच खूश. नवरा म्हणाला, "तुझा इतिहास कुठाय?"

त्याला दाखवायला फारसं काही नव्हतंच. इथे हॅमंड कंपनीची मोठी लाकूडगिरणी होती, तिच्या आसऱ्याने हिंदुस्थान्यांची वस्ती होती. १९२२ मध्ये गिरणी जळाली, वस्ती पांगली. १९१३ मध्ये याच गावात पंजाबी मजूर जमले आणि त्यांनी आपल्या संघटनेला रूप दिलं. लाला हरदयाळ बोलायला आले होते. ते ऑक्सफर्डची सरकारी शिष्यवृत्ती सोडून दिलेले विद्वान. पण अध्यक्ष झाले सोहनसिंग भकना, गिरणीत लाकडं ओढणारे. खजिनदार काशीराम, तेही लाकडाच्याच धंद्यातले. सरचिटणीस तेवढे हरदयाळ. हा क्रम मला फार आवडला. आपल्याकडे बॅरिस्टर अध्यक्ष आणि मजूर सतरंज्या उचलायला.

हरदयाळांनी सभेत भाषण केलं ते फिनिश समाजवाद्यांच्या हॉलमध्ये. अस्टोरियात फिनलंडहून आलेले कोळी आणि कॅनरीतले कामगार पुष्कळ होते, आणि त्यांचा देश रशियाच्या झारखाली. एका परक्या गावात दोन गुलाम मुलखांचे मजूर एकमेकांना हॉल देतायत! फिन्निश माणसाने हरदयाळांचं इंग्रजी किती समजून घेतलं असेल, देव जाणे.

वर्गणीच्या पैशांतून सान फ्रान्सिस्कोला हिल स्ट्रीटवर घर घेतलं. नाव 'युगांतर आश्रम'. तिथे १ नोव्हेंबर १९१३ ला साप्ताहिक निघालं : 'गदर'. सत्तावन्नच्या उठावाला इंग्रज हेटाळणीने जो शब्द वापरत तोच मुद्दाम उचलला. नावाशेजारी लिहिलं, 'अंग्रेज़ी राज का दुश्मन'. आधी उर्दूत, महिन्याभरात गुरुमुखीतही. हातयंत्र फिरवणाऱ्यांत सोळा-सतरा वर्षांचा करतारसिंग होता. अंक फुकट. कॅनडा, फिलिपिन्स, हाँगकाँग, सिंगापूर, पूर्व आफ्रिका, जिथे जिथे आपला माणूस पोट भरायला गेला होता तिथे तिथे टपालाने रवाना. पक्षाचा एक नियम होता : धर्म ज्याचा त्याने घरी पाळावा, पक्षाच्या बैठकीत त्याची चर्चा नको. १९१३ मध्ये.

पहिल्या पानावर एक सदर यायचं, 'अंग्रेज़ी राज का कच्चा चिट्ठा'. चौदा कलमं. दरवर्षी किती कोटी रुपये देशातून इंग्लंडला जातात, माणशी उत्पन्न किती पडतं, शेतसारा किती, फौजेवर खर्च किती, औषधपाण्यावर किती, दुष्काळात किती मेले, प्लेगात किती. शेवटी देशाची लोकसंख्या आणि तिच्यावर राज्य करणाऱ्या इंग्रजांची संख्या शेजारी शेजारी. आणि सगळ्यात शेवटी : सत्तावन्नला छप्पन्न वर्षं झाली, आता दुसऱ्याची वेळ झाली.

मी पेशाने आकड्यांतली आहे, म्हणून असेल, पण हे सदर वाचून मी चकित झाले. यात मातेच्या शृंखला, रक्ताचा टिळा वगैरे काही नाही (ते सगळं त्यांच्या कवितांत होतं, भरपूर). हा ताळेबंद आहे. दादाभाई नौरोजींनी जाडजूड इंग्रजीत जे मांडलं ते इथे गिरणीतला माणूस जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्याकडून वाचून घेऊ शकेल अशा बेताने लिहिलंय. ज्याने स्वतः शेतसाऱ्यापायी जमीन गहाण टाकलीय त्याला शेतसाऱ्याचं कलम समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि ती प्रसिद्ध जाहिरात. पाहिजेत : बंडासाठी शूर शिपाई. पगार : मृत्यू. बक्षीस : हौतात्म्य. पेन्शन : स्वातंत्र्य. कामाचं ठिकाण : हिंदुस्थान. ही मी आधीही कुठेतरी वाचली होती आणि मला ती जरा नाटकी वाटली होती. आता कळतं की ती कोणाला उद्देशून होती. पगार, बक्षीस, पेन्शन हे सगळे शब्द पलटणीतून सुटलेल्या माणसाच्या रोजच्या तोंडातले. भरतीच्या जाहिरातीचीच नक्कल आहे ती, आणि वाचणाऱ्याला हसूही आलं असणार.

यात आपले मराठी दोघे. एक वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. हे टिळकांना भेटून, जपानमार्गे अमेरिकेत आले ते शेतकीबरोबर लष्करी विद्या शिकायला. सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला टमलपायस मिलिटरी अकादमीत कवायत शिकले, आमच्या ओरेगनमध्ये कॉर्व्हॅलिसच्या कृषी महाविद्यालयात शेतकी शिकले, आणि या सगळ्यात गिरणी-मजुरांत बसून संघटना बांधत होते. महायुद्धात तुर्कस्तान-इराणकडे जाऊन इंग्रजांशी लढले. सगळं फसल्यावर बर्लिन, मॉस्को करत १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्याच्या जाती सुधारत बसले. दिएगो रिवेराने मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या भिंतीवर जे प्रचंड चित्र काढलंय त्यात जेवणाच्या टेबलाशी बसून भाकरी वाटणारा माणूस म्हणजे हे आपले वर्ध्याचे खानखोजे. शेवटची वर्षं नागपुरात काढली, १९६७ ला गेले. माझा एक चुलतभाऊ नागपुरात कृषी खात्यात आहे. त्याला विचारलं, खानखोजे माहितीयत का? म्हणाला, "कोण, तुमच्या ऑफिसातले?"

दुसरा आमच्या गावचा विष्णू. मी त्याला अहोजाहो करत नाही, रागावू नका. फासावर गेला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. माझा सगळ्यात धाकटा मावसभाऊ त्याच्यापेक्षा मोठा आहे, आणि त्याला अजून स्वतःची गाडी नीट पार्क करता येत नाही.

विष्णू इंजिनिअरिंग शिकायला आला होता. म्हणजे माझ्यासारखाच. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि गदरवाल्यांनी ठरवलं, इंग्रज अडकलाय, आत्ताच परत जायचं. इथे माझं डोकं चालेनासं होतं. 'परत जायचं' हा विषय आमच्या घरी सात वर्षं चर्चेला आहे. मुलीची शाळा, घराचे हप्ते, ग्रीन कार्डाची रांग, आईची गुडघेदुखी. दर दिवाळीला ठरतं आणि जानेवारीत मोडतं. आणि ती माणसं, ज्यांनी पै पै करून डॉलर साठवले होते, गाठोडं बांधून बोटीच्या रांगेत उभी राहिली. कोरिया, नामसांग, तोसा मारू ही त्या बोटींची नावं. सप्टेंबरात सरकारने वटहुकूम काढून ठेवला होता, बंदरात उतरताच पकडायचं. अध्यक्ष भकनांना कलकत्त्याला बोटीवरच अटक झाली. त्याच सप्टेंबरच्या अखेरीस कलकत्त्याजवळ बजबजला कोमागाटा मारूच्या उतारूंवर गोळीबार झाला होता. व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने तिष्ठत ठेवून कॅनडाने ज्यांना परत पाठवलं होतं, तीच ती बोट, ३७६ प्रवाशांची. वीसेक माणसं गेली.

विष्णू नोव्हेंबरात सॅलॅमिस बोटीने कलकत्त्याला पोचला आणि पोलिसांच्या हातून निसटला. बनारसला उठावाची आखणी करणाऱ्या रासबिहारी बोसांना भेटला. सरकारी अहवालात नोंद आहे की त्याने सांगितलं, अमेरिकेहून चार हजार आलेत, उठाव झाला की आणखी वीस हजार येतील. हे वाचून मला हसू आलं आणि पोटात कालवलंही. इतके कुठले आले होते! पण प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधी आकडा फुगवून सांगणारा उत्साही इंजिनिअर मी रोज बघते.

उठावाची तारीख २१ फेब्रुवारी १९१५ ठरली होती. फितुरी झालीय असा संशय आला म्हणून ती १९ वर आणली, पण फितूर किरपालसिंगाने तीही पोचवली. लाहोरात धरपकड झाली, छावण्यांतल्या संशयित शिपायांची हत्यारं काढून घेतली. त्याच आठवड्यात सिंगापूरला फिफ्थ लाइट इन्फंट्री ही हिंदुस्थानी पलटण उठली तेवढीच, तीही काही दिवसांत चिरडली. इथे खरं तर सगळं संपलं होतं. रासबिहारी पुढे जपानला निसटले. विष्णू मात्र मीरतला गेला. २३ मार्चला बाराव्या रिसाल्याच्या बराकीत तो सापडला, पेटीत दहा बॉम्ब. अर्धी पलटण उडवायला पुरे होतील एवढे, असं तो अहवाल म्हणतो. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोर सेंट्रल जेलात सात जणांना फाशी दिलं. करतारसिंग एकोणीस वर्षांचा.

गोष्ट वीररसात सांगायची तर इथे थांबावं. पण अंकलजी थांबले नाहीत, त्यांनीच मला सांगितलं की पंजाबात तेव्हा लोकांनी या परतलेल्यांना ओळख दिली नाही. पैशासाठी यांनी काही ठिकाणी दरोडे घातले, तर गावकरी दरोडेखोर म्हणूनच बघत. शिखांच्या प्रतिष्ठित संस्थेने तर हे खरे शीखच नव्हेत असं जाहीर केलं. दहा वर्षं बाहेर राहिलेला माणूस डोक्यात एक देश घेऊन उतरतो आणि समोर दुसराच असतो, हे मला चांगलं माहितीय. माझ्याबाबतीत ते रिक्षाच्या भाड्यापुरतं असतं. मागे सान फ्रान्सिस्कोत उरलेल्यांचंही धड झालं नाही. इंग्रजांविरुद्ध लढायला जर्मनांनी दिलेल्या पैशावरून भांडणं, मग अमेरिकन सरकारने त्यांच्यावर भरलेला १९१७ चा मोठा खटला, आणि त्याच्या शेवटच्या दिवशी भर कोर्टात हरदयाळांनंतर पक्ष चालवणाऱ्या रामचंद्राला त्यांच्याच माणसाने गोळी घातली. घालणाऱ्याला मार्शलने जागीच मारलं. हे लपवून काय मिळवायचं?

अस्टोरियाच्या त्याच गिरणीत भगतसिंग थिंद नावाचा एक जण होता. गदरवाल्यांत त्याची ऊठबस. पुढे तो अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला आणि नागरिकत्व मागितलं. खालच्या कोर्टाने दिलं, १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने काढून घेतलं : हा 'गोरा' नाही. त्या निकालाने इथल्या आधी नागरिक झालेल्या इतर हिंदुस्थान्यांचंही नागरिकत्व गेलं. परतीच्या गाडीत मी हे नवऱ्याला सांगितलं तर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, आपली ग्रीन कार्डाची तारीख या महिन्यात दोन आठवडे पुढे सरकलीय.

पण त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं. शताब्दीला, २०१३ मध्ये, अस्टोरिया गावाने गदरच्या स्थापनेचा समारंभ केला आणि नदीकाठी फलक लावला. तो शोधायला आम्हाला अर्धा तास लागला, कारण आम्ही पुलाच्या भलत्याच बाजूला हिंडत होतो. मागे नदीत जुन्या लाकडी खांबांच्या रांगा उभ्या, वर काही नाही, नुसते खांब आणि त्यांवर पक्षी. मी फलकाचा फोटो काढून अंकलजींना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर : "बेटा, पानी की बूँदें हैं, पढ़ा नहीं जाता. पढ़ के सुना दो."

मी ओढणीने फलक पुसला, छत्री मुलीच्या हातात दिली आणि फोन तोंडाशी धरून पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. सी लायन्स भुंकतच होते. मुलगी म्हणाली, आई, मोठ्याने वाच, त्यांना ऐकू नाही जाणार.